न विचारता लिहिलेलं उत्तर

ती दुपार माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गुन्ह्यांचे नंबर विसरलो, आरोपींचे चेहरे एकमेकांत मिसळून गेले. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीची, ऐन एप्रिलमधली ती दुपार आजही जशीच्या तशी आठवते. एका निरपराध माणसाला मी माझ्या सहीने खुनाच्या आरोपात कोठडीत घातलं होतं, आणि आपण चुकतोय याची शंकाही मला आली नव्हती.

मी तेव्हा कोल्हापूर शहराच्या कडेला असलेल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. हद्दीत पंचगंगेकाठची गावं. गावांत ऊस आणि म्हशी, आणि तरुण पोरं शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीला. दुपारी चारच्या सुमाराला त्यातल्या एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, मळ्यातल्या हिरीवर बाईच्या चपला हायत, धुण्याची बादली हाय. बाई न्हाय."

आम्ही जीप घेऊन पोचेपर्यंत तिला वर काढलेली होती. त्या गावात पट्टीचे पोहणारे पंचवीस तरी गडी असतील. रोज सकाळी त्याच विहिरीत त्यांच्या उड्या चालायच्या. त्यांतल्या दोघांनी बुडी मारून पाच मिनिटांत तिला तळातून आणलं. त्याचा उपयोग आता काही नव्हता, पण माणसं कौतुकाने त्यांच्या पाठी थोपटत होती. मला त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही सांगून टाकतो.

बाई सव्वीस वर्षांची. लग्नाला सहा वर्षं, पदरात चार वर्षांची मुलगी. लग्नाला सात वर्षं झालेली नसली तर पंचनामा तहसीलदारांसमोर करावा लागतो, म्हणून त्यांची वाट बघत आम्ही थांबलो. ठाण्यातली एकुलती एक महिला हवालदार माझ्याबरोबर होती. तिने प्रेत नीट पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, छातीवर आणि पोटावर दोरीचे वळ आहेत. चांगले रुतलेत." मग जरा थांबून म्हणाली, "आणि अजून एक. ही गोल साडी नेसणारी पोरगी. आज काष्टा घातलाय. कशाला?"

दोरीचं मी लिहून घेतलं. काष्ट्याचं ऐकून सोडून दिलं. बाईमाणूस धुणं धुताना साडी खोचत असेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. खोचलेली साडी आणि काष्टा यातला फरक हवालदार बाईंना कळत होता, मला नव्हता.

सरकारी दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनाचं मत आलं. मरण बुडून. पाण्यात गेली तेव्हा जिवंत होती. दोरी आवळली गेली तीही ती जिवंत असतानाच. अंगावर दुसरी मारहाणीची खूण नाही. मी तो कागद दोनदा वाचला. जिवंत बाईला दोरीने बांधून पाण्यात सोडलं, याखेरीज दुसरा अर्थ मला त्यात दिसेना.

तोवर तिचे दोन भाऊ माणसं भरून आले होते. ठाण्याच्या आवारात ट्रॅक्टर उभे. थोरला भाऊ माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाला, "आमच्या भनीला बांधून टाकलीया. त्याला आत घ्या, न्हायतर आम्ही बघतो काय करायचं ते." वरिष्ठांचे फोन सुरू झाले. शेजाऱ्यांचे जबाब घेतले, तर तिघांनी एकच गोष्ट सांगितली. आदल्या संध्याकाळी नवरा-बायकोचं जोरदार भांडण झालं होतं आणि नवरा अंगणात उभा राहून ओरडला होता, "हिरीकडं गेलीस तर तंगडी मोडीन."

भांडण कशावरून, ते शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं. मला त्याची गरजही वाटली नाही. धमकी होती, वळ होते, आणि त्या दुपारी आपण कुठे होतो हे नवऱ्याला सिद्ध करता येत नव्हतं. त्या आठवड्यात त्याची दुसरी पाळी होती, कामावर साडेतीनला जायचं, म्हणून दुपारी तो घरी एकटा झोपला होता. त्याची आई शेतात, मुलगीही तिच्याबरोबर. त्याला झोपलेला पाहणारं कुणी नाही. खुनाचा गुन्हा दाखल करून मी त्याला अटक केली. कोर्टाने चार दिवसांची कोठडी दिली.

आता चौकशीचं सांगतो. खोटं बोलणारा माणूस बहुधा जास्त बोलतो. तारखा, वेळा, साक्षीदार, सगळं स्वतःहून पुरवतो. हा गडी बोलायलाच तयार नव्हता. फाउंड्रीत भट्टीपाशी काम करणारा, दंडावर जुन्या भाजल्याच्या खुणा, धिप्पाड. भिंतीला टेकून बसायचा आणि काहीही विचारलं तरी एकच उत्तर.

"मीच मारली तिला."

"कशी मारलीस?"

"मीच मारली, साहेब."

"दोरी कुठाय?"

"कसली दोरी?"

इथे तो मान वर करून माझ्याकडे बघायचा. ते बघणं मला खटकायला हवं होतं. खुनाची कबुली देणारा माणूस हत्यार विचारल्यावर गोंधळतो कसा? पण माझा लेखनिक खुशीत होता. "साहेब, कबूल झालाय की. दोरी तेवढी काढून द्या म्हणावं, पंचनामा करून टाकू." पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण त्या कबुलीवरून जप्त केलेली वस्तू चालते, हे आमच्याकडे शिपायालाही पाठ. दोन दिवस आम्ही ती दोरी शोधली. घर, गोठा, ऊस, विहिरीचा तळ. सापडली नाही. त्याच्या घराच्या माळ्यावर फक्त एक जुना बिंडा होता. बिंडा म्हणजे वाळलेल्या पांगाऱ्याच्या हलक्या लाकडांचा भारा, पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला बांधतात. पाण्यावर तरंगतो, कितीही वेळ ठेवा, बुडत नाही. आमच्या भागात गल्लीत एक तरी बिंडा असतोच. त्याला दोरी होती, पण ती कोरडी आणि धुळीने माखलेली होती. आम्ही तो होता तिथे ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन वाजला. ठाणे अंमलदाराने उचलला आणि हात हलवून मला बोलावलं. पलीकडे एक बाई होती. मागे एस.टी.चा हॉर्न ऐकू येत होता, म्हणजे कुठल्यातरी फाट्यावरचं बूथ.

"त्याला सोडा. त्यानं काय केलं न्हाय."

"तुम्ही कोण बोलताय, बाई?"

"त्यो तितं नव्हताच. झोपलाता त्यो घरात."

"तुम्हाला कसं माहीत? तिथे कोण होतं?"

बाई रडायला लागली आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. प्रकरण सरळ चाललं होतं, त्यात हे. त्याच्याच नात्यातली कुणीतरी असणार, अशी मनाची समजूत घातली. पण ती बाई का रडली, हे डोक्यातून जाईना. कोठडी संपायला दोन दिवस होते.

त्याच दुपारी एक डॉक्टरीण बाई ठाण्यात आल्या. त्या पाण्यात बुडून मेलेल्यांची माहिती गोळा करत होत्या. वरून परवानगी आणलेली, त्यामुळे आमच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदवहीतून त्या महिन्यातून एक-दोनदा येऊन उतरवून घ्यायच्या. मी त्यांना कोपऱ्यातलं टेबल दिलं होतं. सोबत छापील फॉर्म असायचा. वय, जागा, तिथे कशाला गेले होते, बरोबर कोण होतं, पोहता येत होतं का, नसेल तर का नाही. आमच्या पोरांना तो चेष्टेचा विषय झाला होता. मेलेला माणूस का शिकला नाही हे विचारायला आता वर जायचं का, असं म्हणून ती हसायची. मीही त्यात सामील असायचो.

त्या दिवशी त्यांनी ताजी नोंद विचारली. मी म्हणालो, "तो खून आहे, बाई. तुमच्या कामाचा नाही."

"असेल. पण फॉर्म भरून ठेवते. तिला पोहता येत होतं का?"

"बाईमाणूस. कुठून येणार?"

त्यांनी पेन थांबवलं. "हे तुम्ही कुणाला विचारलंत का? की तुमच्या वहीत लिहितात तसंच?" वही त्यांनी माझ्याकडे फिरवली. पानामागून पान, एकच मजकूर. पाय घसरून पाण्यात पडून, पोहता येत नसल्याने, नाकातोंडात पाणी जाऊन मयत. "साहेब, हे मी कधीची बघतेय. धुणं धुताना गेलेली बाई, पाणी शेंदताना गेलेली, म्हशीमागे गेलेली. सगळ्यांपुढे हेच. विचारून लिहिलंय असं वाटत नाही. सगळ्यांचं अक्षर सारखं आणि शब्दही सारखे."

मला राग आला आणि लाजही वाटली. कारण ते खरं होतं. मयताच्या घरच्यांना ते कधीच कुणी विचारलं नव्हतं. लेखनिकाच्या हाताला सवय होती, तो लिहायचा आणि मी सही करायचो.

हवालदार बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मी त्या दिवशी काष्ट्याचं म्हटलं होतं. गोल साडी पाण्यात पायात गुंडाळते, पाय हलवता येत नाहीत. आमच्या माहेरी एक म्हातारी सांगायची, पाण्यात उतरायचं तर काष्टा घालून उतरावं." त्या जरा थांबल्या. "जिला कुणीतरी उचलून टाकणार आहे, ती काष्टा घालून कशी येईल?"

मी उठलो आणि थेट कोठडीपाशी गेलो. कुलूप काढायला लावलं, आत जाऊन त्याच्यासमोर खाली बसलो. तीन दिवसांत पहिल्यांदाच खाली बसलो असेन.

"तुझ्या बायकोला पोहता येत होतं का रे?"

त्याचा चेहरा असा बदलला की मी तो विसरणार नाही. म्हणाला, "शिकीव म्हणत होती."

मग तो बोलायला लागला आणि मी त्याला अडवलं नाही. दोन महिन्यांपूर्वी ती नदीवर धुणं धुवायला गेली होती, मुलगी बरोबर. मुलगी पायरीवरून घसरून पाण्यात गेली. ही गुडघाभर पाण्यापर्यंत धावली आणि तिथंच अडकली. पुढे जाता येईना. मुलीचं डोकं वर-खाली होताना बघत, ओरडत उभी राहिली. पलीकडे म्हशी धूत असलेल्या एका माणसाने उडी मारून पोरीला काढलं. पोरगी वाचली. पण बाई त्या दिवसापासून झोपेतून दचकून उठायची.

"म्हणायची, मला शिकवा. माझ्यासमोर माझी पोरगी बुडत हुती आन् मी नुसती बघत हुती. साहेब, आमच्या गल्लीतली पोरं मी शिकीवल्यात. सगळी. माझ्या बिंड्यावर. हिला मी म्हटलं, बायकूला हिरीत घेऊन उतरलो तर गाव हसंल. वली साडी, सगळी बघणार. रोज मागं लागायची. त्या दिशी म्हणाली, तुम्ही न्हाय शिकीवलं तर मी एकटी जाते. म्हणून मी वरडलो. तंगडी मोडीन म्हटलं. बिंडा तर तिनं पयल्यांदा मागितला तवाच माळ्यावर टाकलाता." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माझ्यावर रागावून उडी टाकली तिनं. मीच मारली की."

तो तिने जीव दिला असं समजत होता. आम्ही त्याने जीव घेतला असं समजत होतो. दोघंही चुकत होतो, आणि मला ते आता कळायला लागलं होतं. दोरी जिवंतपणी, छातीवर आणि पोटावर. बिंडा बांधतात तो तिथेच. पण त्याचा बिंडा तर माळ्यावर, धुळीत. मग तिच्या पाठीला काय बांधलं होतं, आणि ते गेलं कुठे?

आम्ही लगेच गावात गेलो. गणवेश घातला नाही, जीप वेशीबाहेर ठेवली. पोलीस पाटलाला मी एवढंच विचारलं, "गावात पोहता येणारी बाई कोण?"

तो हसला. "बाई? एकच. ती नावाड्याची म्हातारी. तिचा बाप नदीवर नाव चालवायचा, तवा शिकलेली. आता सत्तरीला आली."

म्हातारीचं घर त्या विहिरीच्या मळ्याला लागूनच होतं. ती दारात शेंगा फोडत बसली होती. आम्हाला बघून तिने सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि म्हणाली, "आलासा? या. मी वाट बघत हुतो." बोलण्यात भीती नव्हती, थकवा होता.

हवालदार बाई तिच्याजवळ बसल्या. मी काही विचारण्याआधीच म्हातारी उठली, गोठ्यात गेली आणि वैरणीखालून एक प्लास्टिकचा पाच लिटरचा तेलाचा कॅन काढून आणला. त्याला सुती दोरी गुंडाळलेली होती, दोन ठिकाणी विळ्याने कापलेली. कॅनला झाकण नव्हतं.

"ह्ये बांधलंतं तिच्या पाठीला," ती म्हणाली.

"बिंडा का नाही बांधला, आज्जी?"

"बिंडं गड्यांचं असत्यात. घराघरात टांगल्यात, पर मागाय गेलं की इचारत्यात, कुणाला पायजे, कशाला पायजे. आम्ही काय सांगायचं? कॅनला कोन इचारत न्हाय."

ती सांगत गेली. दुपारी गडी माणसं शेतावर, फाउंड्रीत. विहिरीवर कुणी फिरकत नाही. त्या वेळेत ती त्या पोरीला शिकवायची. तीन आठवडे झाले होते. पोरगी हुशार होती, पाय छान मारायची. त्या दिवशी विहिरीच्या मध्यावर असताना कॅनचं झाकण निघालं. कॅन भरला. आधार गेला तशी ती घाबरली, तरंगवणारी वस्तू पाठीवरचं लोढणं झाली आणि दोरी ओली होऊन इतकी आवळली की गाठ सुटेना. म्हातारीने उडी मारली. दोनदा तिचा हात धरला आणि दोनदा सुटला. सत्तर वर्षांच्या अंगात किती बळ असणार? शेवटी पायरीपर्यंत ओढून आणली, विळ्याने दोरी कापली, पोट दाबलं, तोंडात फुंकलं. काही झालं नाही.

"मग?" मी विचारलं.

म्हातारी माझ्याकडे न बघता शेंगांच्या टरफलांकडे बघत राहिली. "मग मी तिला परत पाण्यात सोडली."

हवालदार बाईंच्या तोंडून नकळत "अगं आई" असा आवाज निघाला.

"का, आज्जी?"

"लोकं काय म्हणतील म्हणून. म्हातारीनं सुना बिघडिवल्या म्हणतील. घसरून पडली म्हटलं की संपतंय, रोजच कोन ना कोन पडतंय. मला काय ठावं, तुमी नवऱ्याला धरशीला ते. त्याला धरल्यावर दोन दिस जेवलो न्हाय. यायचं म्हटलं तर पाय उचलंना." मग ती पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "तिची पोरगी आई-बाप दोन्ही गमावणार माझ्यापायी. मला घेऊन चला."

सुना बिघडवल्या, असं ती म्हणाली होती. एक नव्हे, सुना. आणि मला सकाळचा फोन आठवला. विहिरीवर त्या दुपारी आणखी बायका होत्या, नक्की होत्या. त्यांची नावं घेतली तर जबाब भक्कम झाला असता. कायद्याच्या दृष्टीने तेच बरोबर. पण त्यांची नावं कागदावर आली की संध्याकाळी गावभर होणार, आणि त्या घरांत काय होईल ते मला स्पष्ट दिसत होतं.

मी विचारलं, "तिथे तुम्ही दोघीच होता ना?"

म्हातारी क्षणभर घुटमळली. हवालदार बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय," म्हातारी म्हणाली, "दोघीच."

मी तसंच लिहून घेतलं. माझ्या नोकरीत जाणूनबुजून अर्धवट सोडलेला तो एकच जबाब. त्याचं मला ओझं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

कॅन जप्त केला. दोरीची रुंदी आणि वळांची रुंदी जुळली, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तसं लेखी दिलं. तरीही माझा जीव भांड्यात पडला नव्हता. वरिष्ठ म्हणाले, "भाऊ ऐकतील का? तुम्ही आरोपीला वाचवलंत म्हणतील." म्हणून मी दोन्ही भावांना ठाण्यात बोलावलं आणि म्हातारीला त्यांच्यासमोर बसवलं. जबाब मी वाचला नाही, तिलाच सांगायला लावलं. धाकटा भाऊ मध्येच उठून बाहेर गेला. थोरला शेवटपर्यंत बसला. सगळं ऐकून झाल्यावर त्याने एवढंच विचारलं, "तिला येत हुतं का मग? जरा तरी?"

"येत हुतं," म्हातारी म्हणाली. "अर्धी हीर ती कॅन नसताना जात हुती. त्या दिशी कॅन मीच बांधला. म्हटलं, असू दे, जिवाला बरं."

थोरला भाऊ टेबलावर डोकं टेकून रडला. त्या टेबलावर चार दिवसांपूर्वी त्याने हात आपटला होता.

कोर्टात अहवाल देऊन नवऱ्याला सोडलं. म्हातारीवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल करावा असं एक मत पडलं होतं. मी आणि तहसीलदारांनी मिळून सविस्तर लिहिलं की तिने स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचवायचा प्रयत्न केला. वरचे साहेब माणूस म्हणून बरे होते. प्रकरण अपघाती मृत्यू म्हणून बंद झालं. नोंदवहीतला मजकूर लेखनिकाने नेहमीप्रमाणे लिहून आणला होता. मी त्यातले 'पोहता येत नसल्याने' हे तीन शब्द खोडले, आणि आज विचार केला तर माझ्या हातून त्या खात्यात झालेलं सगळ्यांत शहाणपणाचं काम तेच असावं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. तपासाचे डावपेच नाही शिकवले. आपण बाईच्या मरणाकडे बघतो तेव्हा दोनच शक्यता आपल्या डोक्यात असतात, तिने जीव दिला नाहीतर कुणी घेतला. ती काहीतरी शिकायला गेली असेल, जगायला गेली असेल, हे आम्हा पुरुषांच्या डोक्यात येतच नाही. नदीकाठच्या गावात बाईचा दिवस पाण्यात जातो. धुणं तिचं, भांडी तिची, म्हशी तिच्या, काठावर खेळणारं पोर तिचं. आणि पोहायला शिकवायचं ते फक्त तिच्या भावाला. त्यात आपण काही गुन्हा करतोय असं कुणाला वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

सहा महिन्यांनी, दसरा झाल्यावर, गावात बंदोबस्ताची पाहणी करायला गेलो होतो. परतताना विहिरीवरून आवाज आला म्हणून थांबलो. मनात नसताना पाय तिकडे वळले. विहिरीत म्हातारी कमरेइतक्या पाण्यात पायरीवर उभी होती, काष्टा घालून. काठावर नवरा होता, आणि त्याच्या पुढ्यात त्याची मुलगी, पाच वर्षांची झालेली. पाठीला बिंडा नव्हता. काठावर चार-पाच बायकाही बसल्या होत्या, आणि त्या मला बघून उठल्या नाहीत.

"आज पयल्यांदा सोडतोय, साहेब," नवरा म्हणाला.

मुलीने नाक धरलं आणि उडी मारली. पाणी वर उसळलं आणि मिटलं. मी किती वेळ मोजला कोण जाणे. डोकं दिसेना. नवरा अर्धा वाकला, म्हातारीने हात वर करून त्याला थांबवलं. मग मधोमध केस दिसले, तोंड दिसलं, आणि ती हातपाय मारत, फुरफुरत पायरीकडे यायला लागली. "मार पाय, मार, मार," म्हातारी ओरडत होती. नवरा काठावर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

मुलगी वर आली, केस निथळत, आणि थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"पोलीसमामा, तुमाला येतंय व्हय पवायला?"

"येतं की. नदी ओलांडायचो मी तुझ्याएवढा असल्यापासून."

"कुणी शिकीवलं?"

"माझ्या वडलांनी."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "आन् तुमच्या पोरीला?"

माझी मुलगी तेव्हा अठरा वर्षांची होती. कॉलेजला जायची, अभ्यासात हुशार, सायकल मीच शिकवलेली. शहरातल्या तलावावर बायकांसाठी दुपारी एक तासाची बॅच होती, नेमकी तिच्या कॉलेजच्या वेळेत. मी कधी चौकशीही केली नव्हती. रविवारी मी एकटा पोहायला जायचो, तेव्हा ती घरी असायची.

काठावरच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. नवराही डोळे पुसून बघत होता.

"येतं की," मी म्हणालो.

मी खोटं बोललो. ते खरं करायला मला पुढे दीड वर्ष लागलं.